गरोदरपण आणि खाण्याचे विकार: तपासणीत काय निसटतं, बाळावर काय परिणाम होतो

रानजाई

अॅनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने खाणं जवळजवळ बंद करणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं), बिंज इटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) यांवर मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. पण तीच बाई गरोदर राहिली की पुढे काय, याबद्दल सापडतं फार थोडं. इथे स्त्रीरोग, आहार, मानसोपचार, नवजात बालकं अशा क्षेत्रांतली मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

एक विनंती आधीच. कुणीही स्वतःचे वजनाचे आकडे, उपाशी राहण्याच्या किंवा उलटी काढण्याच्या पद्धती लिहू नयेत. वाचणाऱ्यांत आजारी बायका असू शकतात. औषधांचे डोस आणि तपासण्यांचे आकडे मात्र जरूर द्या, ते लागतातच.

सुरुवात मी करते. हा आजार गरोदरपणात लपून राहतो, कारण गरोदरपणाची लक्षणं त्याला आयतं पांघरूण देतात. उलटी झाली? होतेच पहिल्या 3 महिन्यांत. जेवण जात नाही? डोहाळे कडक आहेत. पाय सुजले, चक्कर आली, दात दुखले, बद्धकोष्ठ झालं, सगळ्याला उत्तर तयार असतं. त्यात बाई दिसायला चांगली असेल तर शंकाही येत नाही. बुलिमिया असलेल्या बहुतेक बायकांचं वजन सर्वसाधारण किंवा जास्त असतं. कृशपणा शोधत बसलात तर निम्म्याहून जास्त रुग्ण हातातून गेलेच म्हणून समजा.

गाभाऱ्यातली_पणती

स्त्रीरोगाच्या बाजूने लिहितो.

पहिला घोळ तारखेचा. अॅनोरेक्सियात पाळी बंद असते, म्हणून दिवस राहणार नाहीत असं बाईही धरून चालते आणि कधीकधी डॉक्टरही. पण बीजमोचन पाळीच्या आधी होतं. वजन थोडं सुधारलं, एक बीज सुटलं आणि तेव्हाच गर्भ राहिला, तर मधे पाळी येण्याचा प्रश्नच नाही. नॉर्वेतल्या माता-बाल अभ्यासात अॅनोरेक्सिया असलेल्या बायकांच्या सुमारे निम्म्या गर्भधारणा न ठरवता झालेल्या होत्या. हा विकार नसलेल्यांत हे प्रमाण साधारण 19 टक्के होतं. गोळ्या घेऊन 3 तासांच्या आत उलटी झाली तर गर्भनिरोधक गोळीही पुरती शोषली जात नाही, हे बुलिमियात लक्षात ठेवायचं.

परिणाम असा की शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख निरुपयोगी ठरते. पहिल्या तिमाहीतली, 14 आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी आणि त्यातली बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, हीच खरी तारीख. ती हुकली की पुढे बाळ लहान भरतंय की दिवसच कमी आहेत, हा वाद बाळंतपणापर्यंत मिटत नाही.

दुसरी गोष्ट फॉलिक अॅसिडची. बाळाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. पाळीच नसल्यामुळे बाईला दिवस गेल्याचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळत असेल, तर तेव्हा सुरू केलेल्या गोळीचा त्या कामाला उपयोग नाही. खाण्याचा विकार आहे आणि दिवस राहण्याची शक्यता आहे, अशा प्रत्येकीला रोज 400 मायक्रोग्रॅम आधीपासूनच द्यावं. फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल तर डोस 5 मिलिग्रॅम.

लोलक

बाळावर नेमका परिणाम काय? 'बाळ आईच्या अंगातून हवं ते खेचून घेतं' असं सगळीकडे ऐकायला मिळतं.

गाभाऱ्यातली_पणती

अर्धवट खरं आहे. कॅल्शियम बाळ आईच्या हाडांतून मिळवतं, लोहसुद्धा बऱ्याच अंशी. पण ऊर्जेचं गणित तसं चालत नाही. गरोदरपणात आईच्या रक्तातला द्रवभाग बराच वाढावा लागतो, त्यावर वारेकडे जाणारा रक्तप्रवाह अवलंबून असतो. कुपोषित शरीरात ही वाढ पुरेशी होत नाही. वार लहान राहते, ग्लुकोज कमी पोचतं, आणि बाळ आहे ते रक्त मेंदूकडे वळवून पोट आणि यकृताकडे काटकसर करतं. म्हणून सोनोग्राफीत आधी पोटाचा घेर मागे पडतो, डोकं नंतर.

स्वीडनच्या जन्मनोंदींवरचा मोठा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या आजारांच्या मातांमध्ये अतिवांत्या (गरोदरपणातल्या टोकाच्या, न थांबणाऱ्या उलट्या) सुमारे दुप्पट आढळल्या. रक्तक्षय, दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि लहान डोक्याचं बाळ यांचं प्रमाणही जास्त होतं. गरोदरपणात आजार चालू असणाऱ्यांमध्ये धोका अधिक, पण पूर्वी होऊन गेलेल्यांमध्येही तो पूर्ण शून्यावर आला नव्हता. त्यामुळे 'कॉलेजात असताना होतं, आता नाही' हे उत्तर मिळालं तरी केसपेपरवर लिहून ठेवा.

बिंज इटिंगची गोष्ट उलट दिशेने जाते: वजन भराभर वाढणं, गरोदरपणातला मधुमेह, वजनदार बाळ, सिझेरियन. नॉर्वेच्याच माहितीत आणखी एक गोष्ट दिसली. बुलिमिया गरोदरपणात अनेकींत निवळतो, बिंज इटिंग मात्र काहींमध्ये गरोदरपणातच पहिल्यांदा सुरू होतं. आपल्याकडचं 'दोन जिवांचं खा' त्याला खतपाणीच घालतं.

मीठभाकर

आहारतज्ज्ञ म्हणून पुण्याच्या अभ्यासाचा उल्लेख करायलाच हवा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास खाण्याच्या विकारांचा नव्हे, साध्या कमी खाण्याचा आहे. तरी त्यातले 2 धडे इथे चपखल बसतात. पहिला असा: ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं आकाराने मोठी होती, नुसत्या उष्मांकांशी तेवढा संबंध दिसला नाही. दुसरा असा: आईचं बी12 कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक) जास्त, अशा जोडीच्या मुलांमध्ये 6 व्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त होती.

विकार असलेली बाई बहुतेक वेळा आधी दूध, अंडं, मटण, तूप काढून टाकते आणि 'मी आता शाकाहारी झाले' म्हणते. म्हणजे बी12 संपलं. वर आपण फॉलिकची गोळी देतो. ती द्यायचीच, पण बी12 मोजा आणि कमी असेल तर भरून काढा.

सरकारी गोळ्यांबद्दलही लिहिते. चौथ्या महिन्यापासून 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक, रोज 1, किमान 180 दिवस. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून 2 वेळा. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, 2 तासांचं अंतर हवं. गोळी घेतल्यावर लगेच उलटी काढणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन 2 महिने गोळ्या 'चालू' असूनही हलत नाही. मग डोस वाढवला जातो, मळमळ वाढते, उलटी वाढते. अशा वेळी गोळीचा डोस चढवू नका. घेतलेल्या गोळीचं पुढे काय होतं ते सौम्यपणे विचारा, शिरेतून लोह देण्याचा विचार करा.

प्रयोगशाळेचा_उंदीर

रिपोर्ट वाचताना एक मोठी फसगत होते. लॅबच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते.

बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) याचं उदाहरण बघा. गरोदरपणात श्वासाचा वेग बदलल्यामुळे ते 18 ते 22च्या आसपास उतरतं. सतत उलट्या काढणाऱ्या बाईचं 27 आलं तर कागदावर ते सरळ नॉर्मलमध्ये बसतं, लाल खूणही होत नाही. पण गरोदर बाईसाठी तो आकडा चढलेला आहे. सोबत पोटॅशियम 3.3 आणि क्लोराईड कमी असेल तर चित्र स्पष्ट आहे: पोटातलं आम्ल वारंवार बाहेर जातंय. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही तसंच. 0.9 दिसायला छान, पण गरोदरपणात ते 0.4 ते 0.8 असायला हवं.

पोटॅशियम 3च्या खाली गेलं तर घरी शहाळं पीत बसायची वेळ गेली. ईसीजी काढा, दवाखान्यात दाखल करा. आणि पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम बघितलं का ते विचारा. ते कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरूनच ठेवत नाही, दिलेलं सगळं वाहून जातं.

लोलक

मग अतिवांत्या आणि बुलिमिया वेगळे ओळखायचे कसे? दोन्हींत उलट्याच की.

निवांत_खोली

मानसोपचारतज्ज्ञ. उलटीकडे न बघता उलटीच्या आगेमागे काय घडतं ते बघा. अतिवांत्यांत बाईला खायचं असतं, ठरत नाही. वासानेही होतं, पाणीही पडतं, दिवसभर होतं, आणि उलटीनंतर तिला बरं न वाटता थकवा येतो. बुलिमियात उलटी जेवणानंतर ठरावीक वेळेत, एकटीने, नळ सोडून. नंतर हायसं वाटतं आणि पाठोपाठ लाज. अतिवांत्या साधारणपणे 20 व्या आठवड्यापर्यंत बऱ्याच ओसरतात; सातव्या महिन्यात जेवणानंतरच उलटी होत असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. मात्र दोन्ही एकाच बाईत असू शकतात, आणि खऱ्या मळमळीची आड घेऊन जुना आजार परतू शकतो.

स्कॉफ नावाची 5 प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध आहे, 1999 मध्ये लंडनमध्ये तयार झालेली. 2 किंवा जास्त 'हो' आले तर पुढे तपासा. गरोदरपणात ती जशीच्या तशी वापरू नका. '3 महिन्यांत 6 किलोहून जास्त वजन गेलं का' हा प्रश्न इथे लागू पडत नाही, आणि उलटीचा प्रश्न सगळ्याजणींना 'हो' देतो. त्यापेक्षा असं विचारा: 'वजन वाढतंय याची भीती वाटते का? किती?' 'खाणं हाताबाहेर गेलंय असं होतं का?' 'जेवण झाल्यावर ते भरून काढण्यासाठी काही करावंसं वाटतं का?' आणि हे प्रश्न सासूबाई किंवा नवरा खोलीबाहेर असताना. त्यांच्या समोर विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं.

रानजाई

वजन करण्याबद्दल? दर भेटीला काट्यावर उभं करणं काहींना असह्य होतं.

निवांत_खोली

पाठमोरं उभं करा. आकडा सिस्टरने कार्डावर लिहावा, मोठ्याने वाचू नये, 'अरे वा, वाढलं की' म्हणू नये, 'वाढलंच नाही' तर अजिबातच नाही.

गाभाऱ्यातली_पणती

थोडं असहमत. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याच हातात असतं आणि त्यावर आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे पाठमोरेपणाचा उपयोग रांग संपेपर्यंतच. तिला आधी विचारा: आकडा कळायला हवा का? नको म्हणाली तर वेगळ्या केसपेपरवर नोंदवा. वजन घेणं सोडून देऊ नका. गरोदरपणाआधी उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बाईसाठी अमेरिकन शिफारस 12.5 ते 18 किलो वाढीची आहे, सर्वसाधारण वजनाला 11.5 ते 16. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण दिशा कळते.

आणि वजन आईचं, वाढ बाळाची, या 2 वेगळ्या गोष्टी आहेत. वजन नीट वाढत असताना ते पाणीही असू शकतं. सुमारे 24 आठवड्यांपासून दर भेटीला पोटाची उंची टेपने मोजा, 28 नंतर दर 3-4 आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी करा. 2 आठवड्यांच्या आत परत करण्यात अर्थ नाही. तेवढ्या काळात झालेली वाढ मोजण्यातल्या चुकीएवढीच असते, उगाच घाबरगुंडी उडते. बाळ लहान असेल तर नाळेच्या रक्तवाहिनीचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी.

मीठभाकर

आता या धाग्यातला सर्वात धोक्याचा भाग. आठ-दहा दिवस जवळजवळ काही न खाल्लेली बाई शेवटी दवाखान्यात येते, आणि तिला पहिल्या तासात डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली लावतात. हे करू नका. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन (जीवनसत्त्व बी1) लागतं. साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे हलतात, तोल जातो, गोंधळ उडतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज. सलाईन द्यायचंच असेल तर सुरुवात मिठाच्या सलाईनने, पोटॅशियम बघून. तोंडाने घेता येत असेल तर थायमिन 100 मिलिग्रॅम दिवसातून 3 वेळा, नाहीतर इंजेक्शन.

त्यानंतरचे 4-5 दिवस फॉस्फेटचे. अन्न मिळू लागलं की इन्सुलिन चढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. भरती होतानाचं फॉस्फेट नॉर्मल असतं म्हणून गाफील राहू नका, ते तिसऱ्या दिवशी घसरतं. रोज मोजा. धाप, छातीत धडधड, पायांवर सूज, सुस्ती. यातली सूज आणि धाप 'दिवस भरत आले' म्हणून सोडून दिली जाते. प्रौढांसाठीच्या जुन्या नियमाप्रमाणे जास्त धोक्याच्या रुग्णात वजनाच्या किलोमागे रोज 10 किलोकॅलरीपासून सुरू करतात. गरोदर बाईला तेवढ्यावर फार दिवस ठेवणंही चूकच, बाळ उपाशी राहतं. म्हणून हे काम रोज रक्त तपासता येईल अशा ठिकाणीच व्हावं. 'घरी ने आणि भरपूर खाऊ घाल' हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी अशा बाईसाठी धोक्याचा आहे.

पळसपान

आणि जी दाखल होण्याइतकी खालावलेली नाही, तिला घरी काय द्यायचं?

मीठभाकर

3 जेवणं आणि 3 मधली खाणी, 2 खाण्यांत 3 तासांहून जास्त अंतर नको. लांब उपास पडला की बिंज होतं, बिंज झालं की उलटी. हे चक्र तोडायची जागा उपासाशी आहे. बराच काळ कमी खाल्लेल्या बाईचं जठर हळू रिकामं होतं, त्यात गरोदरपणातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पचन आणखी संथ करतं. चार घासांत पोट फुगतं, ते नाटक नसतं. अशा वेळी कोंडा, सलाड, ताक पिऊन पोट भरवू नका. मऊ भात-वरण-तूप, दुधातली नाचणी, मुगाची खिचडी, अंडं, भिजवलेल्या शेंगदाण्यांची मूठ, राजगिऱ्याचा लाडू, पनीर. कमी आकारात जास्त सत्त्व. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत गरोदरपणासाठी रोज 350 किलोकॅलरी जास्त धरल्या आहेत, आणि शेवटच्या 3 महिन्यांत 22 ग्रॅम जादा प्रथिनं. पण हा हिशोब तिच्यासमोर मांडू नका. तिला आकडे आपल्याहून चांगले पाठ असतात.

उपासतापासाबद्दलही एक. चतुर्थी, गुरुवार, नवरात्र, सगळं एकदम गरोदरपणातच सुरू झालं असेल तर ती भक्ती आहे की आड आहे ते बघा. उपास मोडायला लावण्यापेक्षा 'या वर्षी सासूबाई तुमच्या वतीने धरतील' असा तोडगा बऱ्याच घरांत पटतो.

गाभाऱ्यातली_पणती

+१. आणि रेचकं. सोनामुखीची चूर्णं, 'पोट साफ'च्या गोळ्या, वजन उतरवणारे चहा. स्वतःहून कुणी सांगत नाही, कारण ही औषधं आहेत असं कुणालाच वाटत नाही. नाव घेऊन विचारावं लागतं. ती बंद केली की 2-3 आठवडे शरीर पाणी धरतं, चेहरा आणि पाय सुजतात, काटा एकदम चढतो. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी ती परत सुरू करते. सूज आली की रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं मात्र तपासा, सगळी सूज रेचकांमुळेच असेल असं नाही. बद्धकोष्ठाला लॅक्ट्युलोज चालतं.

वजनाच्या औषधांत टोपिरामेटमुळे बाळाचा ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो. सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं गर्भधारणेच्या किमान 2 महिने आधी बंद करावी लागतात. आणि इन्सुलिनवरची मधुमेही बाई वजनासाठी डोस चुकवत असेल तर ती तातडीची केस आहे. कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं) चढले तर बाळ काही तासांत जाऊ शकतं.

प्रयोगशाळेचा_उंदीर

साखरेच्या चाचणीबद्दल राहिलं. आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून 2 तासांनी रक्त घेतात, 140 किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. आधीचे 3-4 दिवस कर्बोदकं जवळजवळ बंद असतील तर निरोगी बाईचाही आकडा चढा येतो. मग तिला 'भात-पोळी कमी करा' असा कागद हातात मिळतो, म्हणजे आजाराला डॉक्टरची सही मिळाली. चाचणीआधी 3 दिवस नेहमीसारखं जेवण झालं का ते विचारा. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत.

दंतमंजन

दाताचा मुद्दा छोटा पण उपयोगी. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली, गुळगुळीत, ही खूण आरशात दिसत नाही, आम्हाला दिसते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने निघतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ, ब्रश तासाभराने.

पळसपान

माती खाणं यातच मोडतं का? भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ?

मीठभाकर

पायका. वर्गीकरणात खाण्याच्या विकारांतच आहे, पण स्वभाव वेगळा. वजनाच्या भीतीशी त्याचा संबंध नसतो. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा. बर्फ चघळत राहणं तर लोह कमी असल्याची फारच बोलकी खूण आहे, लोह भरलं की बहुतेकदा आपोआप थांबतं. मातीतून जंत येतात, म्हणून दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची 1 गोळी. मातीतून शिसंही येऊ शकतं, ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. रोज खाणारी असेल तर रक्तातलं शिसं मोजावं. रागावल्याने थांबत नाही, चोरून चालू राहतं.

लोलक

फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरचं, बुलिमियातही देतात ते औषध) चालू असेल तर दिवस राहिल्यावर बंद करायचं ना?

निवांत_खोली

स्वतःहून नाही. बुलिमियात दिवसाला 60 मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे नैराश्यातल्या नेहमीच्या डोसपेक्षा जास्त. एकदम थांबवलं तर आजार उसळतो आणि त्याची झळ बाळालाच जास्त लागते. मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून कमीत कमी परिणामकारक डोस ठरवतील. मूळ उपचार मात्र बोलण्याचा, खाण्याच्या विकारांसाठीची वर्तनोपचार पद्धत. गावात तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.

बाळंतपणानंतरचे पहिले 6 महिने सर्वात नाजूक. गरोदरपणात 'बाळासाठी' धरलेला संयम तिथे सुटतो, त्यात रात्रीची जागरणं आणि भेटायला येणाऱ्यांचं 'किती सुटलीस गं'. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत टाक्यांबरोबर खाण्याचीही चौकशी करा, नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या.

दुपट्यातला

नवजात विभागाकडून. आईचा इतिहास आम्हाला कळवा, नुसतं 'लहान बाळ' लिहून पाठवू नका. लहान आणि वजनदार, दोन्ही प्रकारच्या बाळांची साखर पहिल्या तासांत उतरू शकते. पहिल्या तासात अंगावर पाजणं, 2 तासांनी टाचेतून साखर, मग पहिले 2-3 दिवस ठरलेल्या वेळांना. अडीच किलोच्या खाली असेल तर त्वचेला त्वचा लावून छातीशी ठेवा, थंडी आणि साखर दोन्ही सांभाळली जातात. आई फ्लुओक्सेटिनवर असेल तर बाळ 48 तास निरीक्षणात: चुळबूळ, थरथर, दूध नीट न ओढणं, जलद श्वास. डोक्याचा घेर जन्मताच मोजलेला चुकीचा असू शकतो, दुसऱ्या दिवशी परत मोजून तक्त्यावर मांडा.

पळसपान

अंगावर पाजणाऱ्या आईने दुधासाठी किती जादा खायचं?

मीठभाकर

पहिल्या 6 महिन्यांत आयसीएमआर रोज 600 किलोकॅलरी जादा धरतं, गरोदरपणापेक्षाही जास्त. साधारण कमी खाणाऱ्या आईचं दूध लगेच आटत नाही. मात्र दुधातलं बी12 आईच्या साठ्यावर अवलंबून असतं; आईचं कमी असेल तर बाळ 4-6 महिन्यांत सुस्त होतं, मान धरलेली सोडतं, हातपाय थरथरतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू तिच्या ताटात 4-4 ठेवू नका. अर्धा ठेवा, दर 3 तासांनी, आणि कुणीतरी सोबत बसून स्वतःही खा.